वडाआधीची चतुर्थी

उज्जैनच्या जुन्या शहरात, रामघाटापासून वर येणाऱ्या एका गल्लीत नवी सून आली, की पहिल्या वटपौर्णिमेला तिला एक गोष्ट ऐकायला मिळायची. सावित्रीची नव्हे. ती तर पोरी माहेरूनच पाठ करून येतात. ही गोष्ट जयूची.

सांगणारी सुलभाकाकू. सुताची गुंडी सोडता सोडता ती हळूच डोळ्याने समोरचं दार दाखवायची. "ती चादरींचे गठ्ठे घेऊन हिंडते ना, जयू इंगळे? नवरा फौजेत होता तिचा. एका वर्षी म्हणाली, मी नाही जात वडाला. बस. चौथ्या दिवशी नवरा खलास." 'चौथ्या दिवशी' म्हणताना काकू आवाज असा खाली आणायची, की ऐकणारीच्या अंगावर काटा यावा. मग ती सून वडाला दोन फेऱ्या जास्तच घालायची आणि काकूला सांगितल्याचं समाधान व्हायचं.

जयू हे सगळं समोरच्या ओट्यावरून बघत असायची. शब्द ऐकू येत नसत, पण काकूचा हात कुठे वळतो आणि सुनेची मान कधी फिरते, यावरून गोष्ट कुठपर्यंत आली ते तिला बरोबर कळायचं. भांडायला ती कोणाला हार जाणारी नव्हती. फ्रीगंजातल्या बंगल्यांत चादरी विकताना बड्या बड्या बायकांना ती सुनावायची, "बाई, रंग उतरला तर मला बोलवा, मी तुमच्या अंगणात उन्हात उभी राहते. पण हात लावून लावून माल मळवू नका." अशी बाई. पण या एका गोष्टीपुढे तिची जीभ उचलत नसे. कारण गोष्ट खोटी आहे असं तिला स्वतःलाच वाटत नव्हतं.

तिचा नवरा शरच्चंद्र अठराव्या वर्षी फौजेत गेला होता, पूल बांधणाऱ्या पलटणीत. मुदत संपल्यावर परत आला, मिलमध्ये पंपांच्या दुरुस्तीवर लागला, लग्न केलं. पण नाव रिझर्व्हात राहिलं. रिझर्व्हातला शिपाई म्हणजे अर्धा घरचा, अर्धा सरकारचा. अधूनमधून कवायतीला बोलावणं यायचं, हा ट्रंकेतून बूट काढायचा, तेल लावायचा आणि जायचा. उन्हात रापून परत आला की जयू विचारायची, "झाला का देश वाचवून?" तो म्हणायचा, "वाचवला, हवालदार. आता चहा टाका." बायकोला तो हवालदारच म्हणायचा, आणि ते काही फार चूक नव्हतं.

त्याची एक खोड होती. हलणारी वस्तू त्याला बघवत नसे. पाट डुगडुगला की खाली लाकडाची चिपटी, दार करकरलं की बिजागरीला तेल. आणि पूल दिसला की आधी खाली वाकून बघणार. सासुरवाडीला जाताना ओढ्यावरचा एवढासा पूल आला, तर नवरीला बैलगाडीत बसवून हा गडी खाली उतरून कमानीत डोकं घालून आलेला. जयूच्या भावाने विचारलं, "दाजी, काय हरवलं?" तर म्हणतो, "काही नाही, टिकेल."

युद्ध पेटलं आणि सरकारने आपला अर्धा हिस्सा मागून घेतला. मग घरचा अर्धाही परत दिला नाही. मधे एकदा सुटीवर आला तेवढाच. मीना तेव्हा पाऊल टाकायला शिकत होती. तिला खांद्यावर घेऊन तो शिप्रेच्या घाटावर फिरला आणि बोटीत बसून इटलीला गेला. नकाशात इटली कुठे असते ते गल्लीत एकालाही दाखवता आलं नसतं.

मग आली चव्वेचाळीस सालची वटपौर्णिमा. गल्लीतल्या बायका नटून निघाल्या होत्या. शिप्रेकाठच्या सिद्धवटाला जायला दोन टांगे उभे. सासू अनसूयाबाई पूजेचं ताट घेऊन ओट्यावर. जयू त्यांना आत्याबाई म्हणायची.

"जयू, चल गं. घोडा खोळंबलाय."

"मी नाही येत, आत्याबाई."

"का? अंग बरं नाही?"

"अंग ठणठणीत आहे. सात जन्म हाच नवरा दे म्हणून मागायला जायचं ना? या जन्मातला तर आधी घरी येऊ दे! आला की राहिलेल्या सगळ्या फेऱ्या एकदम घालते. वड काय, पळून थोडाच जातोय?"

टांगेवाला खो खो हसला. दोघी-तिघी बायकांनी पदर तोंडाला लावला, तो हसू लपवायला की भीतीने, कोण जाणे. जयूचा राग खरं तर शरदवर होता. बाकीच्यांचे नवरे सुटीवर येऊन गेले, हा मेला पूल बांधत बसला. रागावलेली बायको बोलते तसं ती बोलली. तो घरात असता तर बोलणं तिथेच विरून गेलं असतं.

दहा-बारा दिवसांनी तार आली. मिलमधल्या एका बाबूने ती वाचून दाखवली. लढाईत मृत्यू. तारीख नाही, ठिकाण नाही. सविस्तर मागून कळवू असं होतं, ते मागून कधी आलंच नाही. श्राद्ध घालायचं तर तिथी कुठली, इथपासून अडचण.

तिथी मिळाली ती युद्ध संपल्यावर. उन्हेलकडचा एक माळवी माणूस दारात उभा राहिला. भेरूसिंह. शरदच्याच तुकडीतला, पायाने लंगडत होता. आत यायला तयार नव्हता. उंबऱ्याबाहेर उभं राहून साफ्याचं टोक डोळ्यांना लावत म्हणाला, "जेठ बदी चौथ थी, माजी. रात का टेम था. नदी पे पूल डाल रहे थे." अनसूयाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला, तोही त्याने घेतला नाही. रडू फुटलं तसा वळून निघून गेला.

घरचे उपाध्ये गोपाळकृष्णगुरुजी तेव्हा तिथेच बसले होते. ते लगेच म्हणाले, "म्हणजे ज्येष्ठ वद्य चतुर्थी. संकष्टी."

अनसूयाबाईंनी अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवला. पौर्णिमा. प्रतिपदा, द्वितीया, तृतीया. चौथ्या पेरावर अंगठा थांबला आणि त्यांनी मान वर करून सुनेकडे पाहिलं. काही बोलल्या नाहीत. बोलायला त्यांना पुढे भरपूर वर्षं होती.

त्या बोलल्याही. भाकरी करपली की, "लक्ष कुठे असतं? वडाला जायचं नव्हतं तेव्हा तोंड बरं चाललं." जयू उशिरा घरी आली की, "हिंडा, आता कोण विचारणारं आहे?" जयू ऐकून घ्यायची. घरात दोन बायका आणि एक पोर, आणि पोट जयूच्या गठ्ठ्यावर. ऐकून घेतल्याने ती मेली नसती. पण मीना दहा वर्षांची असताना कार्तिकाच्या जत्रेला न्यायचं नाही म्हटल्यावर हातपाय आपटत ओरडली, "तू बोललीस म्हणून बाबा गेले! आजी म्हणते ते खरं आहे!" जयूचा हात उगारलेला तसाच राहिला. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला पुढे खूपदा वाटलं. पोरीला वाटलं, आईने कबूल केलं.

तेव्हापासून मायलेकींत एक बारीकशी भिंत उभी राहिली. मीना शाळेत हुशार, आजीला घट्ट धरून. आईशी बोलायची, पण पाहुण्याशी बोलावं तसं. जयूला जगाची पर्वा नव्हती. गल्लीने तिला काय वाटेल ते म्हणावं. पण आपल्या पोरीने आपल्याकडे बघताना बापाची मारेकरीण बघावी, हे तिला सोसत नव्हतं. आणि त्यावर उत्तर तरी काय द्यायचं? बोलली तर ती होतीच.

मधल्या काळात देश स्वतंत्र झाला. टावर चौकात झेंडे लागले, भाषणं झाली, तुरुंगात जाऊन आलेल्यांना हार पडले. पडावेतच. पण शरच्चंद्र इंगळेचं नाव कोण घेणार? इंग्रजांच्या लढाईत, परक्या मुलखात, परक्यांच्या नदीवर मेलेला. ग्वाल्हेरचं राज्य गेलं, मध्यभारत आला. पंचावन्न साल उजाडलं तेव्हा तोही मोडणार म्हणत होते. राज्यांच्या फेररचनेचा आयोग बसला होता, आणि फ्रीगंजातले मराठी बाबू चहाच्या कपावर 'आपण तिकडचे की इकडचे' म्हणून एकमेकांच्या अंगावर जायचे. मेलेला शरद कुठला, असं मात्र एकानेही विचारलं नाही. घरात वर्षाचं एक श्राद्ध, ज्येष्ठातल्या संकष्टीला. बाहेर त्याची आठवण उरली होती ती फक्त जयूच्या गोष्टीतला नवरा म्हणून.

त्या वर्षीच्या मे महिन्यातलाच एक दिवस. वटपौर्णिमा अजून लांब होती. जयू भैरवगढला माल आणायला गेली होती. भैरवगढ म्हणजे कापडावर ठसे मारणाऱ्या छीप्यांची वस्ती. ठसे मारायचे, रंगात बुडवायचं, शिप्रेच्या पाण्यात खळबळून धुवायचं आणि काठावर वाळत घालायचं. छीपा म्हणाला, "बाई, तुमच्या चादरी अजून पाण्यातच आहेत. थोडं बसा."

बसायची जागा म्हणजे नदीचा काठ. आणि काठावरच थोडं वर सिद्धवट, बायकांच्या फेऱ्यांचा आणि पितरांच्या पाण्याचाही. जयू दर खेपेला वडाकडे पाठ करून बसायची. अकरा वर्षांत तिने त्या झाडाकडे नीट पाहिलं नव्हतं. कामासाठी यावं लागतं म्हणून यायची, आणि दगडासारखी पाठ करून नदीकडे बघत राहायची. त्या दिवशीही तशीच बसली होती. ऊन चढलं होतं. मागे पंडे आणि यजमान यांचं नेहमीचं चाललं होतं: तीळ, पाणी, पिंड.

एका पंड्याचा आवाज आला, "किसके नाम से? नाम बोलो."

"शरदचंदर इंगले."

जयूची पाठ ताठ झाली.

"गोत्र?"

"वो तो मालूम नहीं, महाराज. मराठा था. पूल बनाता था."

"अच्छा, तो कश्यप बोल देते हैं. लो, पानी छोड़ो."

ती उठली आणि अकरा वर्षांनी पहिल्यांदा वळली. वडाखाली साफा उतरवून एक माणूस बसला होता. मिशा पिकलेल्या. एक पाय सरळ पसरलेला, तो वाकत नसावा. ओंजळीतून पाणी सोडत होता.

"भेरूसिंहजी?"

त्याने वर पाहिलं. ओळखायला क्षणभर गेला. "अरे भाभी! शरद के घर से हो ना? राम राम, राम राम." उठायची धडपड करू लागला.

"बैठो बैठो. आज इथे कसे? मतलब, आज क्यों?"

"आज चौथ नी है, भाभी? जेठ बदी चौथ. मैं तो हर बरस आता हूँ. जैसा बने वैसा पानी दे जाता हूँ." मग जरा चाचरत, "आप लोग नहीं करते क्या?"

"करतो की! पण ज्येष्ठ कुठला? आज तर अजून वैशा..."

शब्द तिच्या तोंडातच राहिला.

आता ही काही वेदातली गुपितं नव्हेत. उज्जैनच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मराठी माणसाचा महिना अवसेला संपतो, माळव्यातल्या माणसाचा पुनवेला. त्यामुळे उजेडाच्या पंधरवड्यात दोघांचा महिना एक, आणि अंधाराचा पंधरवडा आला की त्यांचा महिना आपल्या पुढे जातो. रात्र तीच, चंद्र तोच. आपण वैशाख म्हणतो, ते जेठ म्हणतात. जयूचा तर हा रोजचा धंदा. छीपा म्हणाला 'जेठ बदी पाचम को माल मिलेगा', की ती गिऱ्हाइकाला वैशाख वद्य पंचमी सांगायची. यात ती एकदाही चुकली नव्हती. चुकली होती ती फक्त एका तिथीत, आणि ती तिथी तिच्या नवऱ्याच्या मरणाची.

"भेरूसिंहजी," ती म्हणाली. "नीट आठवून सांगा. त्या रात्रीनंतर पुढची पूनम... तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"पूनम?" त्याने कपाळावर हात घेतला. "पूनम तो बस तीन-चार दिन पहले निकली थी. उस रात चाँद देर से निकला, हम अँधेरे में लोहा जोड़ रहे थे, ये तो पक्का याद है. और अगली पूनम को तो हम लोग बहुत आगे पहुँच गए थे. पलटन के पंडितजी ने उसी दिन हवन किया था. मरने वालों के नाम पढ़े थे. शरद का भी पढ़ा था, भाभी. मैं लाठी टेक के खड़ा था वहाँ."

अगली पूनम. म्हणजे ज्येष्ठातली. म्हणजे वटपौर्णिमा. ज्या सकाळी जयू ओट्यावर उभी राहून 'आधी घरी येऊ दे' म्हणाली, त्या दिवशी तिकडे शरदचं नाव मेलेल्यांत वाचलं जात होतं. तो जाऊन महिना होत आला होता. तिने वडाला शंभर फेऱ्या घातल्या असत्या, दोरा सोडून दोरखंड गुंडाळला असता, तरी काही होणार नव्हतं.

जयू हसायला लागली. मोठ्याने, दम लागेपर्यंत. पंड्याने पिंडाचं ताट जरा जवळ ओढून घेतलं. वेडी बाई, लाथ मारायची. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी हसू थांबेना. मग ती तशीच दोन पावलं पुढे गेली, वडाच्या बुंध्याला पाठ टेकली आणि खाली बसली. ज्या झाडाकडे इतकी वर्षं पाठ फिरवून बसली, त्यालाच टेकून. किती वेळ कोण जाणे. छीपा खालून हाका मारत होता, "बाई, चादरें निकल गईं!"

"ठेव तिथेच," ती ओरडली. आणि भेरूसिंहाला म्हणाली, "चला घरी. मागच्या वेळी पाणी न पिता गेलात. आज पाणी पिऊन जायचं. आणि मला सांगितलंत तेच्या ते आमच्या आत्याबाईंसमोर सांगायचं. एक शब्द कमी नाही."

"पर भाभी, हुआ क्या?"

"काय झालं ते टांग्यात सांगते."

टांग्यात ऐकल्यावर भेरूसिंहाने कपाळावर हात मारून घेतला. "हे म्हाकाल! म्हने कई मालम! मैंने तो अपना महीना बोला था!"

घरी अनसूयाबाई माजघरात बसल्या होत्या. संकष्टीचा उपास, तोंड सुकलेलं. मीना खिडकीशी पुस्तक घेऊन. जयू भर दुपारी परक्या पुरुषाला घेऊन आत येते म्हटल्यावर सासूबाईंनी पदर सावरला आणि तोंड उघडलं. पण जयूने बोलूच दिलं नाही.

"मीना, जा, गोपाळकृष्णगुरुजींना बोलावून आण. जेवत असतील तर तसेच आण."

गुरुजी पोटावरून हात फिरवत आले. भेरूसिंहाने सगळं पुन्हा सांगितलं. यावेळी भिंतीला टेकून, हातात तांब्या धरून. पूनम कधी होती, चंद्र कसा उशिरा आला, पुढच्या पुनवेला नावं कशी वाचली. सांगून झालं तेव्हा गुरुजींनी जानवं एकदा इकडून तिकडे केलं.

"आता मला काय ठाऊक, हे कुठल्या महिन्याने बोलताहेत," ते म्हणाले. "जेठ म्हणाले, मी ज्येष्ठ म्हटलं."

"गुरुजी, हे तेव्हा मराठीत बोलत होते का?"

"नाही, पण..."

"डोक्यावर साफा. तोंडात माळवी. आणि महिना तेवढा मराठी? चौकातल्या वाण्याशी व्यवहार करताना तर तुम्ही विसरत नाही."

"अहो जयूबाई, रागावू नका. तेव्हा घरात सगळे असे बसलेले... चतुर्थी म्हटल्यावर सगळ्यांनाच ते पटलं."

"पटलं नाही, गुरुजी. आवडलं."

माणसाचं मरण कोणाच्या तरी अंगावर घालता आलं की बाकीच्यांना बरं वाटतं. तिथीने ती सोय करून दिली होती. म्हणून एवढ्या मोठ्या गल्लीत, पंचांग तोंडपाठ असलेल्या बायकांत, एकीनेही बोटांवर पुन्हा मोजलं नाही. जयूनेही नाही. हे तिला त्या क्षणी कळलं आणि रागातला निम्मा जोर तिथेच गेला.

अनसूयाबाई मात्र मोजत होत्या. अंगठा पुन्हा बोटांच्या पेरांवर फिरत होता, पण हळू, आणि उलटा.

"वैशाखातली संकष्टी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "त्या वर्षीची. आभाळ आलं होतं. चंद्र दिसेना. तू म्हणालीस, आत्याबाई, पंचांगात उगवला, जेवून घ्या. मी म्हटलं, नाही, डोळ्यांनी दिसल्याशिवाय नाही जेवायची, पोरगं लढाईवर आहे. आठवतं?"

"आठवतं," जयू म्हणाली.

"दिसेपर्यंत थांबले होते मी. त्याच्या नावाने अर्घ्य दिलं. मग जेवले." त्यांचा अंगठा थांबला. "आणि त्याच रात्री..."

आता इथे जयूच्या जिभेवर वाक्य तयार होतं. अकरा वर्षांचं, धार लावलेलं: मग आत्याबाई, तुमच्या उपासाने काय केलं? ते म्हणायचा तिला हक्क होता, आणि म्हणायला ती कमी करणारी नव्हती. मीनाही पुस्तक मिटून तिच्याकडेच बघत होती, जणू आता ते येणारच. जयूने सासूच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं. आणि वाक्य गिळलं. एवढं कडू तिने आयुष्यात काही गिळलं नसेल.

"तुमच्या उपासाने काही बिघडलं नाही, आत्याबाई," ती म्हणाली. "आणि मी वडाला गेले नाही त्यानेही नाही. तिकडे तोफ होती. तोफेला पंचांग कळत नाही, ना त्यांचं ना आपलं."

अनसूयाबाईंनी पदर तोंडावर घेतला. थोड्या वेळाने पदराआडूनच आवाज आला, नेहमीचा, खरखरीत. "उभी काय राहिलीस? तांदूळ धू. श्राद्ध आज आहे ना त्याचं? गुरुजी, बसा आता इथेच, पुन्हा जेवायचं आहे तुम्हाला." बस, एवढंच. माफीबिफी त्या घराण्यात चालत नव्हती. पण जयूला तेवढं पुरलं. 'तांदूळ धू' मागे या खेपेला कसलंही शेपूट नव्हतं.

पानं मांडली. एक पान भेरूसिंहासाठी. जेवताना त्याने राहिलेलं सांगितलं, जे तेव्हा दारात सांगता आलं नव्हतं. पुलाचे तुकडे जोडून झाले होते. साहेब म्हणाला, चला, मागे फिरा. शरद म्हणाला, एक मिनिट. एक खीळ त्याला हलल्यासारखी वाटली होती. तो खाली वाकून बघत होता तेवढ्यात गोळा पडला.

"खाली वाकून," जयू म्हणाली.

"हाँ भाभी. उसकी आदत थी."

"मला सांगता?" आणि ती पुन्हा हसली. या वेळी अनसूयाबाईही, नाक पुसत, हसल्या. सासुरवाडीच्या ओढ्यावरचा पूल दोघींनाही एकदमच आठवला होता.

"और पूल?" मीनाने विचारलं.

"पूल टिका, बेटा. सवेरे सारी पलटन उसी पे से निकली. मैं भी. मेरे पैर में छर्रे लगे थे, मुझे तो डोली में ले गए, पर निकला उसी पे से."

मीना उठली आणि आईच्या पानात भात वाढला. आईने मागितला नव्हता. मग तिच्या शेजारी येऊन बसली, आजीच्या नव्हे. "आई," ती हळूच म्हणाली, "बाबा ओढ्यात कशाला उतरले होते? सांग ना." बापाची ही गोष्ट तिने कधी ऐकलीच नव्हती. त्या घरात शरदचं मरणच एवढं सांगितलं गेलं होतं, की त्याचं जगणं सांगायचं राहूनच गेलं होतं. जयूने सांगितलं. पाटाखालच्या चिपट्या, ट्रंकेतले बूट, 'झाला का देश वाचवून', हवालदार, सगळं. भात निवला, तरी चालूच.

पंधरवडा सरला, पुढचाही सरला, वटपौर्णिमा आली. गल्लीत दोन टांगे उभे राहिले. सुलभाकाकूच्या घरी त्या वर्षी नवी सून होती, कुसुम. काकू ओट्यावर सुताची गुंडी सोडत बसली, हात समोरच्या दाराकडे वळला, आवाज खाली उतरला. "ती समोरची जयू..."

"सुलभा!"

गल्लीतल्या सगळ्या माना फिरल्या. अनसूयाबाई दारात काठी टेकून उभ्या होत्या.

"ती गोष्ट बंद. खोटी आहे. माझा शरद वटपौर्णिमेच्या कितीतरी आधी गेला. वैशाख वद्य चतुर्थीला. आम्ही माळवी महिना मराठी धरून बसलो, दहा वर्षं. उज्जैनीत राहून! चूक आमची. सुनेची नाही." मग जराशा दमल्या, आणि वर काठी आपटून म्हणाल्या, "आणि सांगायचीच असेल, तर पुलाची सांग. पूल टिकला. मीना सांगेल तुला, तिला सगळी येते."

सुलभाकाकूच्या हातात गुंडी तशीच राहिली. "अगं बाई," ती म्हणाली, "मग मी सुनांना आता सांगू तरी काय?"

"सावित्रीची सांगा की काकू," जयू आतून गठ्ठा बांधायचं फडकं घेऊन बाहेर येत म्हणाली. "ती बिचारी काही भांडायला येत नाही." आणि टांग्याजवळ जाऊन, "सरका गं जरा. मलाही तिकडेच जायचंय. छीप्याकडे माल पडलाय."

सवाष्णींच्या टांग्यात विधवा. एक-दोघी घुटमळल्या. पण कुसुम, कालची आलेली पोर, लुगडं आवरून बाजूला सरकली, आणि जयू बसलीसुद्धा. मागच्या टांग्यात मीना चढली, आईचं फडकं मांडीवर घेऊन.

सिद्धवटाशी बायका उतरल्या, ताटं सावरली. गल्लीतलं कानावर आलं होतंच, म्हणून कुसुमने भीत भीत विचारलं, "जयूमावशी, तुम्ही म्हणाला होता ना, सगळ्या फेऱ्या एकदम घालीन म्हणून?"

"म्हणाले होते. पण तो घरी आला कुठे?" जयू म्हणाली. आवाजात ना राग होता, ना रडू. "तुम्ही घाला फेऱ्या. मी आपली सावलीला बसते. झाड चांगलं आहे."

आणि बुंध्याला पाठ टेकून ती बसली.